पट्टेवाल्यांचा संसार: इच्छुकांसाठी मार्गदर्शन

घरच्या टाकीत कॉन्व्हिक्ट सिक्लिड या माशाची पैदास करू इच्छिणाऱ्याने टाकी घेण्याआधी ओळखीपाळखीच्या लोकांची यादी करावी. ज्यांच्याकडे मासे आहेत, ज्यांच्याकडे नाहीत पण मुले हट्टी आहेत, ज्यांना भिडेपोटी नाही म्हणता येत नाही, अशा सगळ्यांची नावे तीत यावीत. यादी पन्नाशीच्या आत संपत असेल तर हा नाद सोडावा आणि एखादा फायटर मासा बरणीत ठेवून स्वस्थ बसावे.

यादी भरली असेल तर पुढे वाचायला हरकत नाही.

हा मासा मूळचा मध्य अमेरिकेतला. ग्वाटेमालातल्या अतितलान आणि अमातितलान या तळ्यांमधल्या नमुन्यांवरून आल्बर्ट ग्युंथर यांनी 1867 साली त्याची शास्त्रीय नोंद केली. पुढे 2007 मध्ये त्याच्यासाठी नवी प्रजाती मांडली गेली, तेव्हा तिला त्या दुसऱ्या तळ्यावरूनच अमातितलानिया हे नाव मिळाले. राखाडी अंगावर आठ-नऊ काळे उभे पट्टे असतात. जुन्या काळच्या कैद्यांच्या कपड्यांची आठवण होऊन इंग्रजीत त्याला ‘कॉन्व्हिक्ट’ म्हटले गेले. मराठीत मात्र त्याला पट्टेवाला म्हणणे अधिक रास्त. साहेबांच्या केबिनबाहेर स्टुलावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हटकणे हा पट्टेवाल्याचा जो जन्मसिद्ध अधिकार, तोच हा मासा बोटभर अंगाने आयुष्यभर बजावतो. कोकणातल्या वाचकाला हे घराणे परके नाही. खाडीतले काळुंदर आणि धरणांतला तिलापिया हे दोघेही सिक्लिडच.

टाकीचा विचार करताना उदार असावे. 24 इंच लांब, 12 इंच रुंद आणि 15 इंच उंच टाकीत साधारण 70 लिटर पाणी मावते, आणि एका जोडप्याला ती पुरते. मात्र त्यात आणखी चार रंगीत मासे सोडून ‘शोभा’ वाढवण्याचा मोह आवरावा. 70 लिटर पाणी म्हणजे 70 किलो वजन, हे टाकी कपाटावर चढवण्यापूर्वी घरातल्या कर्त्या माणसाला सांगून ठेवावे. नळाच्या पाण्यातले क्लोरीन घालवावे, फिल्टर लावावा आणि मग काही आठवडे धीर धरावा. माशांच्या विष्ठेतून निघणारा अमोनिया विषारी असतो. त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये वस्तीला येईपर्यंत चार ते सहा आठवडे जातात. पाणी 25 ते 28 अंशांच्या आसपास असले म्हणजे झाले. मुंबईत वर्षातले बरेच महिने हे काम हवामानच फुकटात करते. पुण्यात थंडीत हीटर घ्यावा लागतो.

सजावटीवर खर्च करू नये. मोठ्या हौसेने लावलेली झाडे पट्टेवाला उपटतो, तळाची रेती इकडची तिकडे करतो आणि कोपऱ्यात खड्डा खणून त्यात समाधानाने बसतो. मातीची एखादी कुंडी आडवी ठेवली की त्याला घर मिळाले.

आता लग्नाचे पाहू. इथे वडीलधाऱ्यांनी मध्ये पडू नये, ही कळकळीची सूचना आहे. फ्रान्समधल्या डिजाँ येथील संशोधकांनी 2019 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माद्यांना आधी शिकवण देण्यात आली: एका डबीत खाऊ, दुसरीत काही नाही. मग दोन्हींच्या मधोमध एक संदिग्ध डबी ठेवली. मनपसंत नरासोबत राहणाऱ्या माद्यांचे काही बिघडले नव्हते. ज्यांचा निवडलेला नर काढून नावडता माथी मारला होता, त्या मात्र या डबीकडे जायला रेंगाळू लागल्या, जणू यातही काही नसणार हे गृहीतच धरले होते. तेव्हा पाच-सहा लहान मासे एकत्र वाढवावेत आणि जोडी त्यांची त्यांनाच जमवू द्यावी. पत्रिका पाहू नये. मादी ओळखणे सोपे आहे: ती आकाराने लहान, आणि पोटावर नारिंगी झाक असलेली. माशांच्या जगात भडक कपडे बहुधा नर घालतो. इथे नटण्याचे काम तिच्याकडे.

जोडी जमली हे कळण्यासाठी फार निरीक्षण लागत नाही. एके सकाळी बाकीचे सगळे मासे फिल्टरच्या नळीमागे अंग चोरून उभे दिसतात. उरलेली सगळी टाकी नवदांपत्याची झालेली असते. या क्षणी बाकीच्यांना दुसरीकडे हलवावे. न हलवल्यास तो प्रश्न पट्टेवाला आपल्या पद्धतीने सोडवतो.

मादी कुंडीच्या आतल्या बाजूला शे-दोनशे अंडी चिकटवते आणि परांनी त्यांना सतत वारा घालत राहते. नर दाराबाहेर गस्त घालतो. पाणी बदलायला आत गेलेल्या मालकाच्या हातावरही तो धावून जातो. ज्या हाताने खायला मिळते त्याची तो मुळीच भीड ठेवत नाही. पहिलटकर जोडपे कधी कधी घाबरून अंडीच खाऊन टाकते. त्यावर शोक करू नये, पुढचा घाणा थोड्याच दिवसांत येतो. साधारण तीन दिवसांत अंडी फुटतात. वळवळणाऱ्या पिल्लांना आई-बाप तोंडात धरून या खड्ड्यातून त्या खड्ड्यात हलवत राहतात. घरमालक दर अकरा महिन्यांनी करार संपवतो, तशी ही बिऱ्हाडे बदलतात. आणखी चार-पाच दिवसांत पिल्ले पोहू लागतात आणि टाकीत ढग तरंगल्यासारखे दिसते.

हा भाग मात्र थट्टेवारी नेण्यासारखा नाही. आई-बाप तळाची पाने उचलून धरतात, रेती उधळतात आणि खाली दडलेले बारीक खाद्य पिल्लांना मोकळे करून देतात. अंधार पडू लागला की चुकार पिल्लांना तोंडात घेऊन घरी आणतात. चार-सहा आठवडे हा क्रम चालतो. निसर्गात तर ही जोडपी परक्यांची पिल्लेही आपल्या घोळक्यात सामावून घेतात, फक्त ती आपल्या पिल्लांहून मोठी नकोत. यात औदार्यापेक्षा हिशेब अधिक असावा. शिकारी मासा आला तर गर्दीत आपले पोर उचलले जाण्याची शक्यता तेवढीच कमी. पिल्लांना आर्टेमियाची नुकती फुटलेली पिल्ले द्यावीत, किंवा नेहमीचे खाद्य चुरून द्यावे.

इथे पैदासीचे शास्त्र संपते आणि हिशेबाचे सुरू होते. पिल्ले पोहू लागून महिना-दीड महिना झाला की आई-बाप पुन्हा कुंडीत शिरतात. सहा महिन्यांच्या आत-बाहेर पहिल्या खेपेची पोरेही आपापल्या कुंड्या शोधू लागतात. मासेवाला पहिल्या पिशवीच्या बदल्यात खाद्याची पुडी देतो, दुसरी फुकट घेतो आणि तिसऱ्या वेळी दुकानातूनच हात जोडतो. नर-मादी वेगळ्या टाक्यांत ठेवणे हा उपाय कागदावर उत्तम आहे, फक्त त्यासाठी आणखी टाक्या लागतात.

शेवटी एक गोष्ट गांभीर्याने. गळ्याशी आले तरी हे मासे नदीत, तलावात किंवा विहिरीत सोडू नयेत. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात उष्ण झऱ्यांमध्ये कोणीतरी ते सोडले आणि तिथल्या स्थानिक लहानग्या माशांचे जिणे अवघड झाले. आपल्याकडे 1952 साली आणलेल्या तिलापियाने किती पाणी व्यापले, ते कोणत्याही धरणावरच्या भोयाला विचारावे.

उरली ती सुरुवातीला केलेली यादी. प्रस्तुत लेखकाचे नाव तीत घालू नये, त्याच्याकडे आहेत. उलट ज्यांना हवे असतील त्यांनी रविवारी सकाळी यावे, पिशवी घरून आणावी आणि किती देणार ते विचारू नये.