गरम पाण्याचे सल्लागार

सांगलीच्या विश्रामबागेत कुणाच्या घरी गीझर घ्यायचा नुसता विषय निघायचा अवकाश, अण्णा दारात हजर. हातात टेप, खिशात टेस्टर. अण्णा म्हणजे कुणी एक गृहस्थ नव्हेत. गावभागात हेच तात्या असतात, मिरजेला नाना. नोकरी बहुधा पाटबंधारे खात्यात झालेली, त्यामुळे पाणी आणि उतार या विषयांत त्यांच्यापुढे कुणी तोंड उघडायची सोय नाही.

चहा यायच्या आत उलटतपासणी सुरू होते. घरात माणसं किती? सातच्या आत अंघोळ उरकणारी किती? मुलगी कॉलेजात आहे ना, मग केस धुवायचे वार कुठले? एवढं झालं की वर्तमानपत्राच्या कडेला गणित. "२५ लिटरची टाकी, २ किलोवॅटची कॉइल. पाणी २५ अंशांवरून ६० वर न्यायचं तर अर्धा तास, म्हणजे एक युनिट. आता तुमचे चिरंजीव शॉवरखाली गाणी म्हणतात का, ते सांगा." चिरंजीव उठून आत जातात.

मग पिशवीतून एक पुडकं निघतं. त्यात कुणाच्या तरी गीझरची जळकी कॉइल. बोअरच्या पाण्यातले क्षार तिच्यावर इतके चढलेले, की ती चुन्याच्या निवळीतून काढल्यासारखी दिसते. अण्णा नखानं एक पापुद्रा काढतात आणि यजमानांच्या तळहातावर ठेवतात. "हे तुमचं वीजबिल!" सोलरचं नाव काढावं, तर गच्चीवर नेऊन दक्षिण दाखवतात आणि शेजाऱ्यांच्या नारळाची सावली डिसेंबरात कुठवर येते, ते पावलांनी मोजून देतात. शेजारी खालून संशयानं बघत असतात.

कुठल्याही यंत्राची गाडी शेवटी बंबावर येतेच. तांब्याचा बंब, मधल्या नळीत करवंट्या आणि वाळली चिपाडं, वरून तांब्याभर गार ओतलं की तेवढंच कढत बाहेर. "तुमचा गीझर वेगळं काय करतो? खालून गार शिरतं, वरचं गरम ढकललं जातं. बंबच तो, फक्त धूर एमएसईबीकडं." मंडळाची महावितरण होऊन जमाना झाला, पण ते अण्णांना अजून मंजूर नाही.

बसवायच्या दिवशी प्लंबरचे हाल बघवत नाहीत. टेफ्लॉनचे वेढे अण्णा मोठ्यानं मोजतात. टाकी भरून गरम पाण्याच्या नळाला धार लागेपर्यंत बटणावर स्वतःचा हात ठेवून उभे राहतात. कोरडी कॉइल जळते, हे त्या पुडक्यातल्या कॉइलनं शिकवलेलं.

गॅस गीझर म्हटलं की मात्र माणूस बदलतो. "बाथरूमच्या आत? मग मी निघालो." कोंडलेल्या जागेत तो हवेतला ऑक्सिजन खातो आणि कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला ना वास ना रंग, आतल्या माणसाला कळतही नाही. अण्णांनी आजवर कितीतरी गीझर मोकळ्या गॅलरीत हलवायला लावले, भांडून, अबोला धरून. एरवी त्यांना हसावं. इथं मुकाट ऐकावं.

यंदा त्यांच्या लेकानं इंग्लंडात कॉम्बी बॉयलर बसवला: एकाच पेटीतून नळाला गरम पाणी आणि खोल्यांना ऊब. अण्णा सांगलीतून व्हिडिओ कॉलवर. तिथं गॅसच्या कामाला नोंदणी असलेलाच माणूस लागतो. अण्णांनी त्याचं ओळखपत्र कॅमेऱ्यासमोर धरायला लावलं, चष्मा पुसून दोन्ही बाजूंनी वाचलं. "बघ, याला म्हणतात देश."

मग भिंतीबाहेरच्या पांढऱ्या नळीतून थेंब पडताना दिसले.

"गळतंय!"

"अण्णा, तो कंडेन्सिंग बॉयलर आहे. धुरातल्या वाफेची उष्णता काढून घेतो, तिचंच पाणी होतं."

"मग बादली लाव. झाडांना घाल."

"आम्लधर्मी असतं ते. झाडांना चालत नाही."

अण्णा क्षणभर थांबले. तळहातावरच्या पापुद्र्यांची सगळी कारकीर्द डोळ्यांसमोरून गेली असावी.

"आम्ल? अरे, मग वाया कशाला घालवतोस? सूनबाईंना सांग, बाथरूमच्या नळांवरचे डाग त्यानं घासून बघा म्हणावं!"