एका उन्हाळ्यात घराण्याची परंपरा कशी उभारावी

काही घराण्यांना पूर्वजांनी वाडे ठेवले, काहींना कज्जे. ज्यांच्या वाट्याला यातले काहीच आले नाही त्यांच्याकडे निदान 'आमच्याकडची पद्धत' म्हणून मिरवायला एखादी भाजी तरी हवी. अशा परंपराहीन कुटुंबांसाठी हे मार्गदर्शन आहे. साहित्य: गच्चीचा उन्हाचा कोपरा, मातीने भरलेले जुने पिंप, बांबू, सुतळी, दुधीच्या बिया आणि घरातले एक सेवानिवृत्त गृहस्थ.

दुधीच का? कारल्यावर घरात एकमत होत नाही. टोमॅटो मुळात दक्षिण अमेरिकेचा, त्याला आजेसासूबाईंशी जोडणे जड जाते. दुधी मात्र तो न खाणाऱ्यांच्या घरीच जोमाने वाढतो.

बी जानेवारी-फेब्रुवारीत लावावे आणि ते सरळ वाणाचे घ्यावे, उदाहरणार्थ राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा 'सम्राट'. संकरित दुधी देखणा निघतो, पण त्याच्या पोटचे बी पुढल्या वर्षी आईबापांवर जाईलच याची खात्री नाही. असल्या बियाण्यावर घराण्याची इमारत उभी राहत नाही.

वेल मांडवावर चढला की आधी नुसती नर फुले येतात. घाबरू नये, वराकडचे वऱ्हाड लवकर पोचले आहे, इतकेच. वधूपक्ष ओळखायला सोपा: मादी फुलाच्या मागे लवदार, इवलासा दुधी जन्मापासूनच असतो. शेंडा खुडला तर बाजूच्या फांद्या फुटतात आणि मादी फुले तिथेच जास्त धरतात. ही पांढरी फुले संध्याकाळी उमलत असल्याने मुहूर्त आपोआप गोरज ठरतो. त्या वेळी मधमाश्या घरी गेलेल्या असतात आणि शहरातल्या गच्चीवर पतंग फिरकतीलच असे नाही. म्हणून सेवानिवृत्त सदस्याने नर फूल खुडून, पाकळ्या काढून, त्याचे पराग मादी फुलाला हलकेच लावावेत. हे काम अंगावर पडले की ते गृहस्थ टीव्हीवरच्या चर्चा बघायचे थांबतात, हा आनुषंगिक लाभ.

फळ धरल्यावर सुमारे पंधरवड्यात, नख सहज रुतते आहे तोवर, दुधी काढावा. (मंडईत हीच परीक्षा घेतल्यास भाजीवाल्या मावशी काय म्हणतात ते सर्वज्ञात आहे.) पहिला दुधी कौतुकाचा: चणाडाळ, गोडा मसाला, फोटो. दुसरा दह्यातल्या रायत्यात, तिसरा थालीपिठात, चौथा हलव्यात. त्यानंतर मुले ताटावर बसण्याआधी पातेल्याचे झाकण उचलून बघू लागतात, आणि पाककृतीचा खरा जन्म इथे होतो. दोडक्याच्या शिरांची चटणी, पडवळाच्या बियांची चटणी, कोहळ्याचे सांडगे, लाल भोपळ्याचे घारगे हे पदार्थ कुणाच्या प्रतिभेला एकाएकी सुचले असावेत असे मला वाटत नाही. 'आता एवढ्याचे करायचे काय?' या प्रश्नाने हैराण झालेल्या बाईची ती उत्तरे आहेत.

आपल्या नव्या परंपरेसाठी सालीची चटणी उत्तम. कोवळ्या दुधीची साले बारीक चिरून थोड्या तेलात मंद आचेवर कुरकुरीत होईतो परतावीत. तीळ आणि किसलेले सुके खोबरे वेगळे भाजून त्यात मिसळावे. तिखट, मीठ, चिमूटभर साखर. झाली.

आता खरे काम, म्हणजे ही कृती अवघड करणे. माप कुणालाही सांगू नये. 1970 साली कमलाबाई ओगले यांनी 'रुचिरा'त वाटी-चमच्याची मापे देऊन नव्या सुनांची सोय केली आणि सासवांची पंचाईत. आपण 'अंदाजाने', 'वास सुटेपर्यंत' आणि 'ते हाताला कळतं' एवढ्यावर भागवावे. विचारणारी जाऊ असेल तर तीळ वगळावेत.

चटणीला नाव द्यावे ते हयात नसलेल्या व्यक्तीचे. हयात व्यक्ती 'मी कधी केली गं ही?' असे चारचौघांत विचारू शकते. सोबत एक आठवणही लागते. तिच्यात चूल, अवेळी आलेले पाहुणे आणि 1972 चा दुष्काळ असावा. दुष्काळात दुधीचा वेल जगला कसा, असे कुणी विचारलेच तर 'मोरीच्या पाण्यावर' म्हणावे.

उरलेले दुधी शेजारी वाटावेत, पण डब्यातून देऊ नयेत. डबा रिकामा परत करायचा नाही हा आपला शिरस्ता. चार दिवसांनी तो दुधीहलव्याने भरून येतो, म्हणजे दुधी कुठे गेलेलाच नसतो.

एका बाबतीत मात्र परंपरेचे ऐकू नये, आणि हे गमतीने लिहिलेले नाही. प्रत्येक दुधीची कच्ची चकती जिभेला लावून पाहावी. कडू लागली तर थुंकून टाकावी आणि अख्खा दुधी फेकावा. तो कडूपणा कुकुर्बिटासिनचा, शिजवून जात नाही. कडू दुधीच्या रसाने रक्ताच्या उलट्या होऊन माणसे दगावली आहेत आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीनेही तो न पिण्याचा इशारा दिला आहे. 'कडू ते औषधी' म्हणणारे काका घरोघरी असतात. त्यांना कारले वाढावे.

हंगाम सरताना एक सुबक दुधी वेलावरच निबर होऊ द्यावा. मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा याच जातकुळीतला, तेव्हा वेलावर नुसता लोंबकळतो म्हणून त्याला नावे ठेवू नयेत. साल टणक होऊन आत बी खुळखुळू लागले की ते काढून, सावलीत वाळवून बाटलीत भरावे आणि वर 'आजेसासूबाईंचे बी' अशी चिठ्ठी चिकटवावी. राहुरीचा उल्लेख टाळावा.

आमच्याकडचे बी कुणाला हवे असल्यास संकोच न करता मागावे. येताना मोठी पिशवी आणावी, कारण बियांबरोबर दोन दुधी न्यावेच लागतात. पिशवी परत करू नये.