जमिनीवरचा पायलट

नांदगावात पायलट एकच, आणि तो आजवर स्टेशनच्या पादचारी पुलापेक्षा उंच गेलेला नाही. पाटीवर ‘ऑटो गॅरेज’ आहे. पायलट हे नाव गावाने ठेवलं. अशी माणसं तालुक्याला एक या हिशेबाने वाटलेली असावीत. कुठे कुणी पाण्यावर मोटर चालवणार असतो, कुठे कुणी बिनविजेचा पंप काढणार असतो. त्यांच्या मानाने आमचा पायलट सरळ. त्याला फक्त विमानाचं इंजिन असलेली मोटरसायकल बनवायची आहे.

विमानाचं म्हणजे जुन्या विमानाचं, रेडियल. मधोमध क्रँक आणि भोवती गोल मांडलेले सिलिंडर, डाकोटा विमानाला असायचे तसे. ऑस्ट्रेलियाची रोटेक कंपनी छोट्या विमानांसाठी सात सिलिंडरचं, २८०० सीसीचं असं इंजिन बनवते. अमेरिकेत काही हौशी लोकांनी ते थेट मोटरसायकलच्या चेसिसमध्ये बसवलं. त्या गाडीचा फोटो पायलटच्या मोबाइलवर आहे. कुणी पोरीच्या लग्नाचे फोटो दाखव म्हटलं, तरी सुरुवात इथूनच होते.

रोटेकचं इंजिन मागवणं त्याच्या खिशाबाहेरचं. म्हणून त्याने मालेगावच्या भंगारातून स्प्लेंडरचे पाच सिलिंडर आणले आणि एका जाड लोखंडी कड्यावर गोलाकार बसवले. प्रत्येकी ९७.२ सीसी, पाचांचे झाले ४८६. हा गुणाकार तो दुसऱ्याच्या गाडीचा प्लग घासता घासता मोठ्याने करतो. गिऱ्हाइकाला वाटतं, आपलं बिल सांगतोय.

पाचच का, चार किंवा सहा का नाहीत, असं त्याला विचारू नये. बँकेत नव्याने बदलून आलेल्या एका साहेबांनी विचारलं. पायलटने त्यांना चहाच्या टपरीवर नेलं, पाच जणांना गोल बसवलं आणि हुकूम सोडला, “एक सोडून एक प्यायचं!” पहिला प्यायला, तिसरा, पाचवा; मग ओघानेच दुसरा आणि चौथा. “बघा साहेब, दोन फेऱ्यांत सगळ्यांचा चहा झाला. कुणी उपाशी नाही, मध्ये खाडा नाही. फोर स्ट्रोकमध्ये प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो. म्हणून एका चक्रात आकडा विषमच लागतो.” मग त्याने मुद्दाम सहावा बसवला. पहिला, तिसरा, पाचवा, आणि पुन्हा पहिला! दुसरा, चौथा आणि सहावा ग्लास धरून बसून राहिले. सहावे तलाठीभाऊसाहेब होते, ते चिडून निघून गेले. “गेला ना? समसंख्या टिकत नाही,” पायलट म्हणाला. सगळ्या चहाचे पैसे साहेबांनी दिले. रेडियल इंजिन इतकं सोपं करून सांगणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही, पण त्यानंतर साहेब गाडी मनमाडला सर्व्हिसिंगला नेतात.

गाडं अडलंय ते मास्टर रॉडपाशी. क्रँकला थेट धरतो तो एकच रॉड. बाकीचे चार त्याच्या बुडाशी जोडलेले. पायलटच्या भाषेत, “एकत्र कुटुंबात सोसायटीचं कर्ज थोरल्याच्या नावावर, न् बाकीचे त्याच्यावर टांगलेले, तसं.” लेथवाला म्हणतो, ड्रॉइंग दे. हा म्हणतो, ड्रॉइंग डोक्यात आहे. डोकं लेथला लावता येत नाही, एवढ्यावर चर्चा थांबते.

इतिहास मात्र त्याचा तोंडपाठ. पहिल्या महायुद्धातल्या कित्येक विमानांत क्रँक जागेवर आणि सबंध इंजिनच गरागरा फिरायचं. त्यात एरंडेल घालत, कारण ते पेट्रोलमध्ये मिसळत नाही. ते जळून, उडून वैमानिकाच्या नाकातोंडात जायचं आणि पुढे जे व्हायचं ते व्हायचं. पायलटच्या इंजिनात सिलिंडर जागेवरच राहणार, त्याला एरंडेलाची काही गरज नाही. तरी परंपरा म्हणून तो वाण्याकडे पाच लिटर मागायला गेला. शेठ घाबरले. “घरात कुणाला एवढा त्रास आहे?”

“इंजिनाला.”

“मग आधी अर्धा चमचा देऊन बघा,” शेठ म्हणाले.

त्याचं खरं दैवत मेगोला. म्युनिकमध्ये १९२१ ते १९२५ या काळात बनलेली मोटरसायकल. पुढच्या चाकातच पाच सिलिंडर, आणि चाक एकदा फिरेतो इंजिन सहा वेळा फिरणार. क्लच नाही, गिअरबॉक्स नाही. म्हणजे गर्दीत थांबायचं तर इंजिन बंद करा, नाहीतर मोकळ्या जागेत गोल चकरा मारत राहा. मी म्हटलं, ही येवल्याच्या विंचूर चौफुलीवर कशी चालायची?

“झकास चालेल सर. तिथं सगळे तसेच तर फिरतात.”

१९०७ च्या जानेवारीत ग्लेन कर्टिस या अमेरिकनाने उडणाऱ्या यंत्रांसाठी केलेलं आठ सिलिंडरचं इंजिन मोटरसायकलवर चढवलं आणि फ्लोरिडाच्या वाळूवर ताशी २१९ किलोमीटरचा वेग गाठला. पायलट ही बातमी काल संध्याकाळची असल्यासारखी सांगतो. “हिशेब करा, सात मिनिटांत मनमाड!” एवढ्या घाईने मनमाडला जाऊन करायचं काय, हे त्याला अजून कुणी विचारलेलं नाही. माझंही धाडस झालं नाही.

पोरं त्याला चिडवतात, विमानाचंच वेड आहे तर ओझरला जा, तिथे एचएएलचा कारखाना आहे. ओझरला मिग झाले, सुखोई झाले, पण पायलटच्या लेखी ती विमानंच नव्हेत. “पिस्टन नाही, त्याला इंजिन कोण म्हणेल?” कधी सुखोई गावावरून कडाडत गेलं की सगळा बाजार वर बघतो. हा एकटा खाली बघून चेन आवळत असतो.

गॅरेजच्या भिंतीवर लक्ष्मीच्या शेजारी कॅप्टन अमोल यादवांचं कात्रण आहे. त्यांनी कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं आणि २०१६ साली ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं. “गच्चीवर विमान होतं, तर शटरमध्ये मोटरसायकल का नाही?” यावर उत्तर नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मात्र आहे. कंपनीने दिलेल्या गाडीत असे मूलभूत फेरफार चालत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये सांगितलंय. पायलटला ते माहीत आहे. तरी पासिंगच्या वेळी मालेगावच्या आरटीओत कोणता नंबर मागायचा, हे त्याचं ठरलेलं आहे. शून्य शून्य शून्य पाच. विषम.

रेडियल उभं असताना तेल झिरपून खालच्या सिलिंडरमध्ये साचतं आणि तसंच सुरू केलं तर रॉड वाकतो. म्हणून जुने मेकॅनिक आधी हाताने पंखा फिरवून घेत. पायलटचं इंजिन एकदाही सुरू झालेलं नाही, त्यात थेंबभर तेल नाही, रॉडचा तर पत्ताच नाही. तरी रोज सकाळी उदबत्ती लावली की तो ते कडं हाताने फिरवतो. “काळजी घेतलेली बरी.” त्याची बायको यावर काही बोलत नाही. ती गल्ला सांभाळते आणि क्लच केबलचे पैसे आधी मागून घेते, म्हणून हे गॅरेज चालू आहे.

परवा गेलो तर पाचही सिलिंडर उतरवून जमिनीवर ठेवलेले. मला वाटलं, सुटला एकदाचा. पण त्याचा चेहरा फुललेला.

“सर, पाचात मजा नाही. व्हायब्रेशन येईल. सात करतोय.”

“आणखी दोन आणणार कुठून?”

तो काही बोलला नाही. कोपऱ्यात माझी स्प्लेंडर सर्व्हिसिंगला लावलेली होती. तिच्याकडे जरा वेळ बघून त्याने फार अदबीने विचारलं, “सर, तुम्ही हल्ली डॉक्टरांच्या सांगण्यावरून पायीच फिरता ना?”