त्यात तुम्ही आलातच!

"ताई, आहात का? मी आलो हो."

हा आवाज पलीकडच्या वहिनींचा. माहेर कोल्हापूर, त्यामुळे पुण्यात इतका संसार करूनही त्यांचं 'आलो-गेलो' सुटलेलं नाही. हातातली कढीपत्त्याची डहाळी त्यांनी भिंतीवर ठेवली, म्हणजे गप्पा लांबणार हे नक्की.

"पोरीनं डिपार्टमेंटात कालवा केलाय."

त्यांची मुलगी विद्यापीठात एमए करते. विभागाच्या फळ्यावर परीक्षेची सूचना लागली होती: 'प्रत्येक विद्यार्थ्याने त्याचे ओळखपत्र सोबत आणावे.' शेजारीच निरोप समारंभाची पत्रिका. तिच्यात दोन सरांच्या नावामागे 'डॉ.' आणि तिसऱ्या, बाईंच्या नावामागे 'सौ.' बाईही पीएचडी झालेल्या, त्याच विभागात शिकवणाऱ्या. पोरगी दोन्ही कागद घेऊन विभागप्रमुखांपुढे उभी राहिली. सर हसले. म्हणाले, "अगं, विद्यार्थी म्हटलं की त्यात मुली आल्याच!" वर्गातली मुलं हसली. गंमत म्हणजे मुलीही हसल्या. एक तर म्हणाली, "मला विद्यार्थी म्हणा नाहीतर विद्यार्थिनी, पेपर सोपा निघणार आहे का?"

"मी पण तेच म्हणतो," वहिनी म्हणाल्या. "जन्मभर आलो-गेलो म्हणतोय, म्हणून मला काय मिशा फुटल्या?"

मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. माझी नोकरी विद्यापीठाच्या कचेरीत परिपत्रकं टाइप करण्यात गेली, त्यामुळे हे 'आल्याच' कुठून आलं ते मला ठाऊक होतं.

"वहिनी, सरांचं बोलणं कायद्याला धरूनच आहे. इंग्रजांनी १८९७ साली जनरल क्लॉजेस ॲक्ट केला. त्याचं तेरावं कलम म्हणतं, कायद्यात पुल्लिंगी शब्द आला तर त्यात बायकाही धरायच्या. आजही ते लागू आहे. आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली ना, तिच्या व्याख्येत 'तो' म्हणजे पुरुष, स्त्री आणि तृतीयपंथीसुद्धा."

"मग मिटलंच की! कायद्यानंच सांगितलंय."

"ऐकलंस ना?" आतून वहिनींच्या यजमानांचा, भाऊजींचा, आवाज आला. झोपाळ्यावर पेपर वाचतात म्हणे. कान इकडेच असतात. "उगाच भाषेची मोडतोड कशाला? आजवर कुणाचं काही अडलं का?"

"भाऊजी, जर्मनीतल्या लाइपझिग विद्यापीठाची गोष्ट ठाऊक आहे का तुम्हाला?"

गोष्ट म्हटल्यावर ते चष्मा कपाळावर चढवून भिंतीपाशी आले.

२०१३ सालची गोष्ट. लाइपझिग विद्यापीठ आपली घटना नव्यानं लिहीत होतं. जर्मनमध्ये सर म्हणजे 'प्रोफेसोर', बाई म्हणजे 'प्रोफेसोरिन'. आधीच्या मसुद्यात दोन्ही रूपं मधे तिरकी रेघ मारून लिहिलेली. पानोपानी त्या रेघा, वाचणारे वैतागले. शेवटी ठरलं, सगळीकडे फक्त स्त्रीलिंगी रूप लिहू आणि खाली तळटीप देऊ, की यात पुरुषही धरावेत.

"म्हणजे आपल्या तेराव्या कलमाचं उलटं!" वहिनींनी बरोबर पकडलं.

"अगदी. आणि मग जो गहजब झाला म्हणता! वर्तमानपत्रांनी उठवलं, की लाइपझिगमध्ये आता पुरुषांनाही 'हेर प्रोफेसोरिन' म्हणावं लागणार. म्हणजे आपल्याकडे 'श्रीयुत प्राध्यापिका' म्हणण्यातला प्रकार. वास्तविक बदल घटनेच्या कागदापुरता होता, बोलताना कुणी कुणाला काय म्हणावं याचा त्यात संबंधच नव्हता. पण ही वावडी परदेशापर्यंत गेली."

"मग बरोबरच आहे," भाऊजी म्हणाले. "पुरुषाला बाईचा शब्द कसा चालेल?"

"का नाही चालणार? तुम्ही त्यात आलातच की! तळटीप आहे ना?"

भाऊजी गप्प. मीही सोडलं नाही. ते आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. म्हटलं, "पुढच्या सभेची नोटीस मी टाइप करून देते. 'सर्व सभासद भगिनींनी वेळेवर उपस्थित राहावे. यात बंधूंचाही समावेश आहे.' खाली तुमची सही."

"छे! लोक हसतील मला."

वहिनी भिंतीवर हात आपटून म्हणाल्या, "आता कळलं मला! मी 'आलो' म्हणालो तर कुणाला काही वाटत नाही. ह्यांनी एकदा 'मी आले' म्हणून दाखवावं, सगळी गल्ली लोटेल बघायला."

व्याकरणाच्या पुस्तकाला जे जमत नाही ते त्या एका वाक्यात सांगून मोकळ्या झाल्या. बाईनं पुरुषाचा शब्द वापरला तर ती वर चढली. पुरुषाला बाईचा शब्द लागला तर तो खाली उतरला. 'त्यात सगळे आलेच' हे खरं असतं तर दोन्हीकडून सारखंच वाटलं असतं.

"पण ताई," भाऊजींनी नवी फळी लढवली, "ही थेरं तिकडच्यांची. आपल्या बायकांनी कधी असला हट्ट धरला नव्हता."

म्हटलं, हंसा मेहता आठवतात का? संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा घडत होता तेव्हा तो घडवणाऱ्या आयोगावर त्या भारताच्या प्रतिनिधी होत्या. सगळे 'मेन' जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत, असा पहिल्या कलमाचा मसुदा होता. हंसाबाई अडून बसल्या: काही देश याचा अर्थ फक्त पुरुष असाच लावतील. अध्यक्षस्थानी होत्या एलिनॉर रूझवेल्ट. त्यांचं सुरुवातीचं म्हणणं आपल्या सरांसारखंच, की 'मेन'मध्ये सगळी माणसं येतात असंच सर्वत्र धरतात. शेवटी १० डिसेंबर १९४८ रोजी जाहीरनामा मंजूर झाला तेव्हा पहिल्या कलमात 'सगळी मानवजात' धरणारा शब्द होता, 'मेन' नव्हता. पुढच्याच वर्षी हंसाबाई बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या.

"म्हणजे 'त्यात आलेच' म्हणणारी बाईसुद्धा होती," वहिनी म्हणाल्या. "आमच्या पोरीच्या वर्गातल्यासारखीच."

"होती ना. सवय बायकांनाही तेवढीच लागते."

मग गाडी पत्रिकेवरच्या 'सौ.'वर आली. पुरुष लग्नाआधी श्री. आणि लग्नानंतरही श्री. बाई मात्र आधी कु., मग सौ. आणि नवरा गेला की श्रीमती. म्हणजे बाईंनी प्रबंध कशावर लिहिला हे पत्रिका सांगत नाही. घरी नवरा आहे की नाही, ते आवर्जून सांगते. 'डॉ.'ला लिंग नाही आणि नवराही नाही. पदवी विद्यापीठानंच द्यायची आणि विद्यापीठाच्याच पत्रिकेनं ती गिळायची, हे काही बरं नव्हे.

"ते पटलं," भाऊजी म्हणाले. "पण शब्द बदलून बसमध्ये धक्के मारणारा सुधारतो का?"

"नाही सुधारत. पण तक्रार लिहिताना फरक पडतो. 'छेड काढली' म्हटलं की ऐकणारा म्हणतो, पोरकटपणा असेल. 'लैंगिक छळ' लिहिलं की समितीला कागद पुढे सरकवावा लागतो." ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं न्यायाधीशांसाठी एक पुस्तिका काढली, तिच्यातही 'इव्ह टीझिंग' हा शब्द टाळून रस्त्यावरचा लैंगिक छळ म्हणा, असंच सुचवलंय. 'करिअर वूमन' म्हणू नका, नुसतं बाई म्हणा, हेही.

वहिनींना आता उपाय हवा होता. "मग लिहायचं तरी काय? 'विद्यार्थी/विद्यार्थिनीने त्याचे/तिचे'? वाचताना दम लागेल."

इथे माझी टायपिस्टची विद्या कामाला आली. मराठीत कर्ता गाळता येतो. 'परीक्षेला येताना ओळखपत्र सोबत आणावे.' संपलं. त्यात तो नाही, ती नाही, आणि अर्जावर 'तृतीयपंथी' या चौकटीत खूण करणाऱ्यालाही कुठे कोंबावं लागत नाही. 'त्याचे'ऐवजी 'आपले' लिहिलं तरी भागतं. 'आपले'ला समोरच्याचं लिंग कळतच नाही. समोर बसलेल्यांना 'विद्यार्थीमित्रांनो' म्हणण्याऐवजी सरळ 'तुम्ही सगळे' म्हणावं. शिवाय आपल्याकडे तिसरं लिंग घरचंच आहे. 'मुलं आली' म्हणतो तेव्हा मुलगे आणि मुली एकाच क्रियापदात बसतात, कुणी कुणाच्या पोटात जात नाही.

"आणि जर्मनीत आता काय चाललंय?" भाऊजींना तिकडची बातमी हवीच होती.

तिकडे दुसरं टोक. शब्दाच्या मधोमध तारा घालून सगळ्या लिंगांना सामावण्याची पद्धत काही विद्यापीठांत रुजली होती. बव्हेरिया राज्यानं १ एप्रिल २०२४ पासून सरकारी कचेऱ्या, शाळा आणि विद्यापीठांच्या कारभारात अशा खुणांवर बंदीच घातली. मला विचाराल तर सक्ती नको तशी बंदीही नको. साधं वाक्य नीट लिहिता येत असताना तारा तरी कशाला हवा आणि त्याच्यामागे पोलीस तरी कशाला?

"मग मी पोरीला काय सांगू?" वहिनींनी डहाळी उचलली.

"सांगा, भांडू नकोस. सूचना दुरुस्त करून सरांच्या टेबलावर ठेव. एक शब्द कमीच होतो म्हटल्यावर कचेरी कधी नाही म्हणत नाही."

तुम्हालाही एक सांगणं. कॉलेजच्या फळ्यावरची कुठलीही सूचना एकदा लिंग उलटं करून वाचा. 'तो'च्या जागी 'ती' आणि बंधूंच्या जागी भगिनी. सहज वाचता आली तर राहू द्या. हसू आलं, तर ती बदलायला हवी.