आट्यापाट्या

सायकलचा पुढचा चिमटा इतका साधा भाग आहे की त्याच्याबद्दल कुणाचा गैरसमज होईल असं वाटत नाही. दोन पाय, वर एक नळी. पायांत चाक, नळीला हँडल. संपलं. माझा मात्र झाला, आणि तो तीन आठवडे टिकला. त्यात मी पॉलिटेक्निकमध्ये यंत्ररेखन शिकवतो. ‘मोजल्याशिवाय हॅक्सॉला हात लावायचा नाही’ हे वाक्य गेली २२ वर्षं मी दर बॅचला ऐकवत आलोय. माझ्या तोंडून ते इतक्यांदा गेलंय की कानांपर्यंत पोचायचं बंद झालं असावं.

पुण्यात पूर्वी सायकल चालवत नाही म्हणणाऱ्याकडे लोक संशयाने बघत. आता चालवतो म्हणणाऱ्याकडे बघतात. माझी सायकल जपानी आहे, १९८०च्या दशकातली, बारीक पोलादी नळ्यांची, खाली वळलेल्या हँडलची. मामेभावाने ती परदेशातून आणली होती. त्याचे गुडघे गेल्यावर ती माझ्याकडे आली. जुलैतल्या एका सकाळी कर्वे रस्त्यावर पाण्याचं एक डबकं दिसलं. ते डबकं नाही, खड्डा आहे, हे आत गेल्यावर कळलं. मला फारसं लागलं नाही, पण चिमट्याचे दोन्ही पाय मागे वळले आणि चाक फ्रेमच्या नळीला टेकायला आलं.

कोपऱ्यावरच्या मिस्त्रींनी चाक उचलून एका डोळ्याने पाहिलं.

“बसलाय, सर. दाबून सरळ करून देतो, अडीचशे रुपये, पण मग जोरात नाही चालवायची. नाहीतर मापाचा नवा मागवतो. दहा दिवस, अकराशे.”

“मी बघतो,” मी म्हणालो. कर्त्या माणसाने हे दोन शब्द उच्चारले की घरच्यांनी थोडे पैसे बाजूला काढून ठेवावेत.

रविवारी मी जुन्या बाजारात गेलो. तो बुधवारी आणि रविवारी भरतो. पैकी रविवार माझ्यासारख्यांसाठी असतो, कारण बुधवारी येणाऱ्यांना आपल्याला काय हवंय ते ठाऊक असतं. गंजक्या पान्यांच्या आणि शिवणयंत्रांच्या चाकांच्या मधोमध एक काळा चिमटा पडला होता. कारखान्याचं नाव रंगाखाली गेलं होतं. सहाशेपासून सुरुवात करून मी साडेतीनशेवर आणला.

“माझ्या सायकलला बसेल ना?”

“सगळ्यांना बसतो, साहेब.”

परीक्षेत एखाद्याने ‘हा भाग सगळ्यांना बसतो’ असं लिहिलं असतं, तर मी लाल शाईने दोन रेघा मारल्या असत्या. तिथे मी सुटे पैसे शोधत होतो. परतीच्या बसमध्ये शेजारच्या आजोबांनी माझ्या मांडीवरचा तो दुबेळका बराच वेळ न्याहाळला आणि अदबीने विचारलं, “पाणाडे का तुम्ही?” मी नाही म्हणालो. हो म्हटलं असतं तर निदान ते साडेतीनशे वसूल झाले असते.

घरी चिमटा फ्रेममध्ये घालून पाहिला. नळी वर ३५ मिलिमीटर जास्त निघत होती. लांब आहे म्हणजे कापायची, हे उघड होतं. आई म्हणाली, “आमच्या वेळी सायकल मोडली की दुकानात देत.” शाळेत असताना तिने सदाशिव पेठेतून रोज सायकल दामटली आहे, त्यामुळे या विषयावर तिला मतं आहेत. मी दार लावून घेतलं आणि ३५ मिलिमीटर कापले. काटकोनात, सुबक. कड कानशीने घासली. इतका देखणा छेद माझ्या वर्कशॉपमध्ये कुठल्याही मुलाने दिलेला नाही.

मग नट लावायला गेलो. नळीवर आटेच नव्हते. म्हणजे होते, अगदी टोकाला ५ मिलिमीटर. बाकीचे कापलेल्या तुकड्यावर. आटे नेहमी नळीच्या वरच्या भागातच पाडलेले असतात. मला हे माहीत होतं. त्याची आकृती मी फळ्यावर काढतो.

टर्नरकडे गेलो. “खालपर्यंत आटे पाडून द्या.”

“किती?”

“इंचाला २४,” मी तोऱ्यात सांगितलं, कारण माझ्या नटावर तेवढे होते.

त्याने उरलेल्या पाच मिलिमीटरला गेज लावला. “हे २६ आहेत.”

इथे थोडं थांबायला हवं. एक इंची चिमट्याच्या नळीला इंचात २४ आटे, ही जगभर रूढ झालेली पद्धत. पण नॉटिंगहॅमच्या रॅले कारखान्याने आपल्या सायकलींना कित्येक वर्षं २६ पाडले. फ्रेंच तर इंचातच नव्हते: २५ मिलिमीटरची नळी आणि आट्याची पिच १ मिलिमीटर. इटालियनांनी २४ मान्य केले, पण आट्याचा कोन ६० अंशांचा न ठेवता ५५ ठेवला. २४ आणि २६ यांच्यात एका आट्यामागे फरक पडतो मिलिमीटरच्या आठ शतांशांचा. डोळ्याला दिसत नाही, पण नटाला दिसतो. दोनएक फेरे गोडीगुलाबीने जातात आणि मग नट दात-ओठ खातो. हे मोजायचा पिच गेज माझ्या प्रयोगशाळेतल्या कपाटात आहे. कपाटाची किल्ली माझ्याकडेच असते.

“मग २४ चालतील का त्यावर?” मी विचारलं.

“आट्यांना काय, चालतील. नटाचं मी सांगू शकत नाही.” त्याच्याकडे नेमकी तीच डाय निघाली, हे माझं दुर्दैव. नसती तर मी घरी गेलो असतो. आता नळीवर वर २४ आणि २६ एकमेकांत घुसलेले, खाली निव्वळ २४. पुढचे दोन दिवस आमचा आट्यापाट्यांचा डाव चालला. नट पहिल्याच पाटीत धरला जायचा. तो तेल पाजून आणि पान्याला लोंबकळून मी कसाबसा पार केला.

पुढचा प्रश्न कोनसेटच्या, म्हणजे चिमटा ज्यावर फिरतो त्या बेअरिंगच्या, खालच्या रिंगचा. जपानी मापाची रिंग २७ मिलिमीटरची, या चिमट्याची बैठक २६.४ची. ठोकून न बसवता ती आपोआप घसरून बसली आणि बोटाने गोल गोल फिरू लागली, याचा मला आधी आनंदच झाला. मग शेजारच्या मुलाने पिऊन टाकलेला शीतपेयाचा कॅन कापून पट्टी केली. कॅनचा पत्रा ०.१ मिलिमीटर, म्हणून तीन थर. हे गणित मात्र बरोबर आलं, म्हणून मुद्दाम सांगतो.

चाकाचा अ‍ॅक्सल ९ मिलिमीटरचा, चिमट्याच्या खाचा ८च्या. कानस घेतली. उजवी खाच घासताना फोन आला, तेव्हा ती थोडी जास्त घासली गेली. एक मिलिमीटर म्हणजे काही नाही, असं वाटेल. पण अ‍ॅक्सलच्या १०० मिलिमीटरांत एका टोकाला १ मिलिमीटरचा फरक पडला की वर ब्रेकपाशी रिम ३ मिलिमीटर कलते. समरूप त्रिकोण. आठवी-नववीचा भाग.

ब्रेकचीही तीच गत. चिमटा २७ इंची चाकाचा, म्हणजे टायर बसतो तिथे रिमचा व्यास ६३० मिलिमीटर. माझं चाक ७००सी, त्याचा ६२२. ब्रेकच्या रबरांना प्रत्येक बाजूला ४ मिलिमीटर खाली पोचायचं होतं आणि ती पोचत नव्हती. शेवटच्या खाचेपर्यंत उतरवूनही त्यांनी रिम धरली ती कडेकडेने. डावीकडे तर टायरच धरला. मला ते दिसलं होतं. तीन आठवडे झाले होते, म्हणून मी ते न दिसल्यासारखं केलं.

सकाळी सहाला पार्किंगमध्ये चाचणी. हँडल सरळ राहायलाच तयार नव्हतं. हा चिमटा पुढे ६२ मिलिमीटर वाकलेला, मूळचा ४५. मापं टाकून पाहिल्यावर कळलं की सायकलला सरळ धरणारा ट्रेल ५६ मिलिमीटरवरून ३८वर आला होता. पण हे गणित नंतरचं. त्या क्षणी पुढे वॉचमनची खुर्ची होती, आणि खुर्चीत वॉचमन होता. मी ब्रेक दाबला. रबराने टायरची भिंत चावली आणि ट्यूब अशी फुटली की तिसऱ्या मजल्यापर्यंतचे दिवे लागले. आई गॅलरीत आली. खाली बघितलं आणि काही न बोलता आत गेली. बोलली असती तर बरं झालं असतं.

मिस्त्रींनी तो चिमटा हातात घेतला, आट्यांवरून अंगठा फिरवला आणि बाजूला ठेवला. आटे पाडले की तिथे नळी पातळ होते, आणि हँडलचा खुंटा आतून फुगतो तो आता नेमका तिथेच फुगणार, असं त्यांनी समजावलं. “एक दिवस हँडल तुमच्या हातात राहील, सर, आणि सायकल पुढे जाईल.” मग त्यांनी खणातून व्हर्नियर काढला, जुन्या चिमट्याची सगळी मापं घेतली आणि वहीत लिहिली. दहा दिवसांनी नवा चिमटा आला. त्यांनी तो पंचवीस मिनिटांत बसवला आणि त्यात एक चहाही घेतला.

हिशेब असा: चिमटा ३५०, हॅक्सॉ आणि ब्लेड २४०, टर्नर २००, कानस १६०, टायर-ट्यूब ११५०. एकूण २१००. मिस्त्रींचे अकराशे वेगळे.

कापलेला ३५ मिलिमीटरचा तुकडा मी फेकला नाही. पिच शिकवताना तो वर्गात फिरवतो, मुलं गेज लावून २६ मोजतात. यंदा पहिल्या बाकावरच्या एका मुलीने तो उलटसुलट करून विचारलं, “सर, आटे असलेला भागच कापलाय. हे कुणी केलं?”

मागच्या बॅचच्या एका मुलाने, मी सांगितलं. तो नापास झाला.