गरम पाण्याचे गाव, अंघोळीचे नाही

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात, टूसॉन शहराच्या ईशान्येला सोनोरन वाळवंटात आग्वा कालिएंते हे 101 एकरांचे उद्यान आहे. स्पॅनिशमध्ये या नावाचा अर्थ ‘गरम पाणी’. खांद्यावर पंचा टाकून येणाऱ्याची पहिली फजिती इथेच होते, कारण तळ्यात उतरायला मनाई आहे. दुसरी फजिती तापमानाची. झऱ्याचे पाणी साधारण 31 अंश सेल्सिअस असते आणि जूनमध्ये इथली दुपार सहज 38 अंशांच्या वर जाते. नाव ठेवणारा बहुधा थंडीत आला असावा.

पाणी कोमट होण्यामागे चमत्कार नाही. डोंगरावरचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल जाते, तिथे तापते आणि वर येते. वाळवंटात एवढे पुरे होते. बाराव्या-तेराव्या शतकांत होहोकाम लोक या परिसरात राहत होते. 1870च्या दशकात जेम्स फुलर नावाच्या गृहस्थाने जागा घेतली, गुरे पाळली, फळबाग लावली आणि मग ‘फुलरचे गरम झरे’ म्हणून ती आजाऱ्यांसाठी खुली केली. पाणी औषधी असल्याची जाहिरात करायला पाण्याची परवानगी लागत नाही.

झऱ्याची खरी कथा पुढची आहे. इथे मुळात दोन झरे होते, एक गरम आणि एक गार. म्हणजे बादलीत विसण घालण्याची सोय निसर्गानेच करून ठेवलेली. पण पुढच्या मालकांना पाणी कमी वाटू लागले आणि 1930च्या दशकात प्रवाह वाढावा म्हणून तिथे सुरुंग लावण्यात आला. दोन्ही झरे एक झाले, पाणी मात्र वाढायच्या ऐवजी घटले. एवढ्यावर शहाणपण आले असते तर गोष्ट संपली असती. 1960च्या दशकात पुन्हा सुरुंग लावला गेला. झऱ्याने पुन्हा तेच उत्तर दिले.

नंतर जागा सरकारकडे आली ती रॉय ड्रॅकमन यांच्या देणगीमुळे. हे टूसॉनमधले जमिनीचे बडे व्यावसायिक; जागा दिसली की प्लॉट पाडायचे, हा ज्या धंद्याचा धर्म, त्यातल्या माणसाने जागा मोकळी राहावी म्हणून दोन लाख डॉलरांहून अधिक रक्कम दिली. उद्यान 1985 मध्ये खुले झाले. प्रवेश फुकट आहे. आता तळे भरलेले राहावे म्हणून त्यात उपसलेले भूजलही सोडावे लागते. 2019-20 मध्ये तर तळे रिकामे करून, पाणी झिरपू नये म्हणून त्याचा तळ लिंपून घेतला गेला.

तळ्याकाठी ताडवर्गातली उंच झाडे आहेत. त्यांच्या सावलीत दुर्बिणी घेतलेली मंडळी कुंकवासारख्या लाल माशीमार पक्ष्याची वाट पाहत बसतात. जुन्या फार्महाउसजवळ दोनशे वर्षांहून जुने मानले जाणारे मेस्किटचे झाड आहे. येणारा प्रत्येक जण त्यासमोर फोटो काढतो. हे झाड महाराष्ट्रातल्या वेड्या बाभळीच्या सख्ख्या कुळातले. तिला मात्र आपल्याकडे कुऱ्हाडीखेरीज कोणी विचारत नाही.