किल्लेदार

जून-जुलै उजाडला की महाडात भाड्याच्या खोल्यांचा हंगाम सुरू होतो. लोणेऱ्याला १९८९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आलं, पुढे आजूबाजूला आणखी कॉलेजं निघाली आणि आमच्यासारख्यांच्या माड्यांना भाडेकरू मिळू लागले. आमच्या माडीवर दरवर्षी चार-पाच मुलं असतात. चेहरे बदलतात, पण त्यांतला एक दर खेपेला तोच असतो. बाकीचे आल्या आल्या विचारतात, "काका, वाय-फाय आहे ना?" हा विचारतो, "काका, खिडकीचे गज भिंतीत किती आत गेलेत?"

हा बहुतेक करून पोलादपूरच्या पलीकडचा, आंबेनळी घाटाखालच्या एखाद्या वाडीतला असतो. वडील मुंबईला, आई गावी, आणि लॅपटॉप पतपेढीच्या कर्जावर. लॅपटॉप चोरीला गेला तरी हप्ता चोरीला जात नाही, हे त्याला पहिल्या दिवसापासून पक्कं ठाऊक असतं. मोबाइल गेला तर निदान त्याचा आयएमईआय नंबर कळवून तो देशभर बंद पाडता येतो. लॅपटॉपच्या नशिबी तेवढंही नाही. तो गेला की गेला. म्हणून हा त्याला जाऊच देत नाही.

'किल्लेदार' हे नाव खोलीतल्या पोरांनी ठेवलेलं. चिडवायला ठेवलं, पण त्याला ते पदवीसारखं चिकटलं. गड दरवाज्यातून जात नाही, हा त्याचा सिद्धान्त. रायगड महाड तालुक्यात, घाट चढून गेलं की प्रतापगड, आणि तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ तर त्याच्याच पोलादपूर तालुक्यात. अशा मुलखात वाढलेल्या पोराला मी एकदा म्हणालो, "अरे, माडी आहे. वर खिडकीतून कोण येतंय?"

"काका, १६७० साली कोंढाण्यावरचे पहारेकरीसुद्धा हेच म्हणत असतील."

हिरकणीची गोष्ट आपण आईची माया म्हणून सांगतो. हा ती बंदोबस्तातली चूक म्हणून सांगतो. "दरवाजे बंद होते ना? तरी बाई कडा उतरून घरी गेली! महाराजांनी काय केलं? तिचा सत्कार केला आणि त्याच जागी बुरूज बांधला. लोकांना सत्कार आठवतो, काका. बुरूज कशाला बांधला ते कुणी विचारत नाही."

खिडकीला जाळी लागली. खर्च माझा.

त्याचा दुसरा सिद्धान्त: गड आतल्या माणसामुळे जातो. म्हणजे खोलीतली पोरं चोर आहेत असं त्याचं म्हणणं नाही, ती झोपाळू आहेत एवढंच. सामाईक खोलीतला लॅपटॉप मध्यरात्री कुलूप फोडून क्वचितच जातो. तो जातो सकाळी सात ते आठच्या दरम्यान, उघड्या दारातून. एक आंघोळीला गेलेला, दुसरा दूध आणायला, तिसरा तोंडावर पांघरूण घेऊन आडवा. 'कुणीतरी आहे' असं प्रत्येकाला वाटतं आणि कडी कुणीच लावत नाही. म्हणून किल्लेदार न्हाणीघराच्या रांगेत एका हातात बादली आणि दुसऱ्या हातात लॅपटॉप घेऊन उभा असायचा. आत गेला की लॅपटॉप खुंटीवर. वाफेने आतल्या तारांचं काय व्हायचं ते होवो, डोळ्यांसमोर होईल.

मग त्याने साखळी आणली. लॅपटॉपच्या कडेला एक बारीक चपटी खाच असते, त्यात अडकवायचं पोलादी दोरीचं कुलूप मिळतं. दोरीचं दुसरं टोक त्याने कॉटच्या पायाला गुंडाळलं आणि आठवड्यात पहिल्यांदा निवांत झोपला. सकाळी शेजारच्या कॉटवरच्या पोराने कॉटचा पाय वितभर उचलला, फास खालून अलगद काढला आणि लॅपटॉप साखळीसकट त्याच्या उशाशी ठेवला. किल्लेदार रागावला नाही. त्याने वही काढून लिहिलं: 'दोरी कितीही जाड असो, ती ज्याला बांधली ते उचलतं का ते आधी बघावं.' त्या दिवसापासून साखळी लोखंडी कपाटाच्या हँडलला. ते कपाट हलवायला मलाच चार माणसं लागली होती.

खरी कमाल त्याने भांड्यांच्या दुकानात केली. लग्नातल्या स्टीलच्या डब्यांवर टिंबाटिंबांनी नाव कोरतात ना, त्या माणसाकडून लॅपटॉपच्या पाठीवर नाव, गाव, तालुका, जिल्हा कोरून आणला. कोरणाऱ्याने सवयीने शेवटी 'यांजकडून सप्रेम भेट' असंही टाकलं. पोरं पोट धरून हसली. पण मी विचार केला, हा माल चोरबाजारात घेईल कोण? पाठ उलटी केली की आंबेनळीचा पत्ता! स्टिकर सोलता येतो, कोरीव नाव तासावं लागतं, आणि तासलेला लॅपटॉप आपणहून चोरीची कबुली देतो. शिवाय खालचा कारखान्याचा अनुक्रमांक आणि बिल यांचे फोटो त्याने वडिलांना, मामाला आणि मला पाठवून ठेवले होते. चोरी झाल्यावर पोलीस पहिला प्रश्न नंबराचा विचारतात आणि तो नंबर लॅपटॉपबरोबरच गेलेला असतो, हे त्याचं म्हणणं मला खोडता आलं नाही.

लॅपटॉपची कंपनीने दिलेली ऐटदार बॅग त्याने कधी वापरली नाही. मिनिडोरमध्ये हा बसायचा तो किराणा दुकानाची कापडी पिशवी मांडीवर घेऊन, वर दोन कोथिंबिरीच्या जुड्या. दाराच्या आतल्या बाजूला त्याने सूचना लावली: 'राहत्या घरातील चोरी, भारतीय न्याय संहिता, कलम ३०५, सात वर्षांपर्यंत कैद.' जुनं कलम ३८० जाऊन १ जुलै २०२४ पासून हे आलं, ही माहिती तो न विचारता द्यायचा. आमच्या मेव्हण्यांनी ती सूचना वाचली आणि चहा न घेताच उठले.

तिसरा सिद्धान्त सगळ्यांत घातक. "१८१८ च्या मे महिन्यात रायगड कसा पडला, काका? इंग्रज चढून आले नाहीत. पोटल्याच्या डोंगरावरून तोफा डागल्या." म्हणजे लॅपटॉप जागेवर राहिला तरी आतला माल लांबून जाऊ शकतो, किंवा चोर आतली डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला लावू शकतो. निदान या दुसऱ्या धोक्यावर उपाय म्हणून त्याने बिटलॉकर लावलं. डिस्कवरचं सगळं गूढलिपीत जातं. मालकाची किल्ली नसेल तर चोराच्या हाती नुसतं पत्र्याचं वजन. ही किल्ली ४८ आकड्यांची असते, सहा-सहा आकड्यांचे आठ गट. ती लॅपटॉपपाशी ठेवायची नाही, एवढं त्याला बरोबर कळलं. त्याने ती गावच्या कालनिर्णयाच्या मागे लिहून ठेवली.

मग एका रात्री अधिक बंदोबस्तासाठी त्याने यंत्राच्या मुळातल्याच सेटिंगमध्ये हात घातला. लॅपटॉपला मालकाचाच संशय आला. निळा पडदा: किल्ली सांगा. प्रोजेक्ट सोमवारी द्यायचं.

वाडीत रेंज नाही, घाटाच्या एका वळणावर मिळते. आई भिंतीवरचं कालनिर्णय काढून, नववीतल्या बहिणीला घेऊन भर पावसात त्या वळणावर आली. छत्री, बॅटरी, कालनिर्णय आणि आकडे. "दोन... सात... एक... थांब रे, एसटी येतेय." एसटीच्या भोंग्यात एक आकडा गेला. मागे कुणाच्या तरी तिथीचीही नोंद होती, ती दोनदा वाचून झाली. तीनदा किल्ली चुकली. तेवढ्यात इकडे कुणीतरी मोबाइलवर वाचलं की प्रत्येक गटाला ११ ने पूर्ण भाग जातो. बहिणीला सांगितलं. तिने रस्त्याच्या कठड्यावर कालनिर्णय ठेवून एकाआड एक आकड्यांच्या बेरजा मांडल्या आणि दोन मिनिटांत म्हणाली, "दादा, पाचवा गट चुकलाय. आईने सात म्हटलं, तो एक आहे. तुझं अक्षरच घाण आहे."

लॅपटॉप उघडला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. किल्लेदाराने वही काढून लिहिलं: 'अक्षर सुधारणे.'

गणपती जवळ आले तसा त्याचा चेहरा उतरला. लॅपटॉप घेऊन जावा तर घाटात पाऊस, दरड, भिजायची भीती. इथे ठेवावा तर खोली पाच दिवस रिकामी. मी म्हटलं, "अरे, आमच्या खालच्या कपाटात ठेव. कुलूप आहे."

"खालच्या?" तो माझ्याकडे बघतच राहिला. "काका, २२ जुलै २०२१ विसरलात?"

महाडचा माणूस तो पूर कसा विसरेल! सावित्रीचं पाणी घराघरांत शिरलं होतं. चोर निदान निवडून नेतो. शेवटी लॅपटॉप आमच्या माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत गेला, प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या गुंडाळून. मी हात झटकले, तर हा पावती घेऊन उभा. 'वरील अनुक्रमांकाचा एक नग सुस्थितीत मिळाला.' खाली माझं नाव छापलेलं, सहीसाठी रेघ, वर रेव्हेन्यू स्टॅम्प. मी हसत हसत सही केली. तो पाया पडून एसटीला गेला.

त्या रात्री मांजराने कौल हलवलं आणि मी काठी घेऊन माळ्यावर चढलो. दुसऱ्या रात्री मांजर नव्हतं, तरी चढलो. तिसऱ्या दिवशी गौरी-गणपतीला माहेरी जायचं म्हणून सौभाग्यवती साडी नेसून तयार. मी म्हटलं, "तू हो पुढे. मला जमायचं नाही."

"का? काय झालं?"

"सही केलीये मी."